तिकिटाविषयी, आणि बैरूतच्या हरिरींविषयी

सोलापूर, रविवार

तीर्थरूप बाबा व तीर्थरूप सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

परवा बाबांनी फोनवर विचारले, "कारखाना नीट चालला असताना महापालिकेच्या तिकिटाचे खूळ डोक्यात कशाला?" तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही. पक्षाची मंडळी चहा पिऊन गेल्यापासून एका परक्या माणसाची हकीकत मनात घोळते आहे, ती सांगितल्याशिवाय माझे उत्तर तुम्हाला कळायचे नाही.

आपल्याकडून टेरी टॉवेल नेणारा बैरूतचा व्यापारी आईला आठवत असेल. शेंगाचटणीने कपाळावर घाम आला असतानाही त्याने ती दुसऱ्यांदा मागून घेतली होती. रफीक हरिरी हे नाव मी प्रथम त्याच्याच तोंडून ऐकले आणि मग मिळेल ते वाचत गेलो.

हरिरी १९४४ साली लेबनॉनमधील साइदा येथे गरीब शेतकरी कुटुंबात जन्मले. बैरूतला शिकत असताना पैशाची ओढाताण झाली, म्हणून १९६५ मध्ये ते सौदी अरेबियात गेले. तेथे आधी शिक्षकी केली, मग हिशेबनीस झाले आणि पुढे बांधकामाच्या धंद्यात शिरले. १९७७ मध्ये ताइफ येथील हॉटेल त्यांनी काही महिन्यांत उभे करून दिले, त्यामुळे राजघराण्याची मर्जी बसली आणि पुढची कामे ओघाने आली. इकडे मायदेशात १९७५ पासून यादवी पेटली होती. त्या काळात त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेने हजारो लेबनीज मुलांच्या उच्चशिक्षणाचा खर्च उचलला. बाबा, माणूस केवळ पैशाच्या मागे नव्हता, एवढे मला कबूल करावेच लागते.

१९९२ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि माझ्या मते खरी गुंतागुंत तेथून सुरू होते. उद्ध्वस्त बैरूतचा मध्यभाग नव्याने बांधण्यासाठी सॉलिदेर नावाची कंपनी निघाली. तेथील दुकानांच्या आणि घरांच्या मालकांना त्यांच्या मालमत्तेच्या बदल्यात त्या कंपनीचे शेअर देण्यात आले आणि स्वतः हरिरी त्याच कंपनीचे मोठे भागधारक होते. आपल्या व्यापाऱ्याच्या वडिलांचे जुन्या बाजारात कापडाचे दुकान होते. त्याने मला मोबाईलवर एक फोटो दाखवला: वडील दुकानाच्या उंबऱ्याशी उभे, हातात गज, मागे तागे रचलेले. "रस्ते सुरेख झाले, दगड न् दगड घासूनपुसून बसवला," तो म्हणाला, "पण आमच्या उंबऱ्याचा झाला कागद." एवढे बोलूनही तो हरिरींना शिव्या देत नव्हता, हे मला विशेष वाटले. शहर उभे राहिले हे खरे आणि त्या काळात देशाच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर चढला हेही तितकेच खरे.

शेवट तुम्हाला ठाऊक नसेल. लेबनॉनमध्ये तेव्हा सीरियाचे सैन्य होते आणि मोठ्या निर्णयांत शब्दही सीरियाचाच चाले. राष्ट्राध्यक्ष लाहूद यांची मुदत वाढवण्यावरून सीरियाशी बिनसले आणि ऑक्टोबर २००४ मध्ये हरिरींनी पद सोडले. १४ फेब्रुवारी २००५ रोजी संसदेतून निघून, वाटेत चौकातल्या कॅफेत थोडे थांबून, ते घराकडे चालले होते. चिलखती गाडी ते स्वतः चालवत होते आणि शेजारी माजी मंत्री बासिल फुलैहान बसले होते. समुद्राकाठच्या सेंट जॉर्ज हॉटेलाजवळ स्फोटकांनी भरलेल्या वाहनाचा स्फोट झाला. त्यात हरिरींसह बावीस जणांचे प्राण गेले. फुलैहान भाजलेल्या जखमांशी झुंजत एप्रिलमध्ये गेले. लोक लाखोंनी रस्त्यावर उतरले आणि २६ एप्रिलला सीरियाचे सैन्य देशाबाहेर पडले. खटल्याचा निकाल लागायला मात्र २०२० साल उजाडले; त्या वेळी दोषी ठरला तो एकच आरोपी, तोही न्यायालयात हजर नसताना, आणि आणखी दोघे दोषी ठरले ते २०२२ मध्ये अपिलात.

आई लगेच म्हणेल, "बघ, म्हणून सांगते, नको त्या भानगडीत पडूस." पण आई, मला त्या स्फोटाची भीती वाटली नाही, सोलापूर म्हणजे बैरूत नव्हे आणि मी तर हरिरींच्या पायाच्या धुळीएवढाही नाही. मला अडले ते त्या दुकानाच्या कागदापाशी. आपल्या कारखान्याच्या फाटकासमोरचा रस्ता आज ना उद्या रुंद करायचा विषय निघेल. तेव्हा सभागृहात हात वर करणारा मीच आणि ज्याच्या जागेचा भाव वाढणार तोही मीच, असे होईल. पलीकडच्या पानटपरीवाल्याला मी काय तोंड दाखवू? बाबा, तुमच्या मिलचा भोंगा बंद झाला तेव्हा तुमची देणी कोणी ठरवली आणि त्यात तुम्हाला कोणी विचारले, हे मी लहान असताना पाहिले आहे.

म्हणून मंडळींना गुरुवारी नाही म्हणून सांगणार आहे. त्यांना यातले काही सांगणार नाही. सध्या ऑर्डरींची गडबड आहे एवढेच म्हणेन.

ताईला म्हणावे, आईच्या गुडघ्याचा व्यायाम चुकू देऊ नकोस. गड्ड्याच्या यात्रेआधी दोघेही घरी या. अक्षता सोहळ्याला आईला गर्दीत उभे राहावे लागू नये, म्हणून ओळखीच्या एका गच्चीवर बसायची सोय करून ठेवली आहे.

आपला आज्ञाधारक,
संजय