मैदान की हॉल: अव्याला पत्र

नागपूर, ११ नोव्हेंबर

प्रिय अव्या,

तुझा फराळाचा डबा आला, संपलासुद्धा, आणि पोच द्यायची राहून गेली. रागावला असशील तर रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. आईचा गुडघा तसाच आहे, माझं बीपी गोळीवर आहे, बाकी ठीक.

जानेवारीत आपल्याकडे व्यावसायिक बास्केटबॉल संघांची निमंत्रित स्पर्धा होते आहे. आठ संघ, पाच भारतातले आणि तीन बाहेरचे. बाहेरचे म्हणजे पगारी क्लब, सुट्टीत हिंडायला निघालेली मंडळी नव्हेत. ऐकून उभा राहिला असशील, तर बस. कारण सामने उघड्यावर, आपल्या जुन्या मैदानावर, चारी बाजूंनी गॅलऱ्या बांधून घ्यायचे असं बैठकीत ठरत आलं आहे. आणि ते मांडताना नंदूभाऊंनी तुझा दाखला दिला: "अव्याच म्हणायचा ना, बास्केटबॉल आभाळाखालीच!"

म्हणायचास खरा. माझं म्हणणं मात्र, सामने हॉलमध्ये घ्या. त्यावरून आपण किती भांडलो! पण तेव्हा आपण सकाळी सहाला खेळायचो, नाहीतर संध्याकाळी दिवे लागेपर्यंत. इथे शेवटचा सामना रात्री पावणेनऊला सुरू होणार आहे. कसं ते बघ. दहा-दहा मिनिटांचे चार भाग, मध्ये पंधरा मिनिटांची विश्रांती, टाइमआउट आणि फ्री थ्रो धरले की प्रत्यक्षात पावणेदोन तास जातात. त्यात वीस मिनिटं वॉर्मअपची. म्हणजे दोन सामन्यांत सव्वादोन तासांचं अंतर हवंच: २.००, ४.१५, ६.३० आणि ८.४५. बाहेरच्या संघाचा सामना बघायला लोक रात्रीच येणार, म्हणून तो शेवटी. आणि जानेवारीत नेमकं तेव्हाच दव पडतं.

गवत साडेसातलाच ओलं होतं. कोर्टावर दव जरा उशिरा येतं, कारण सिमेंट दिवसभराची ऊब धरून ठेवतं. म्हणून फसायला होतं: आठला हात फिरवला तर कोरडं, साडेनऊला तळवा ओला. आधी पेंट (बास्केटसमोरचा रंगवलेला चौकोन) आणि रेषा निसरड्या होतात, कारण तिथे रंगाचे थर जास्त, पृष्ठभाग गुळगुळीत, आणि रंग पाणी शोषत नाही. बुटांचा तो चूं-चूं आवाज ऐकत राहायचं. तो थांबला की समजायचं, पकड गेली. आणि पेंटमध्येच तर सगळे उडी मारून खाली येतात. पुसून काही होत नाही. दहा मिनिटांत थर परत येतो, कारण थंड पडलेली जमीन हवेतली ओल ओढत राहते. जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवर दुसऱ्या डावात बॉलर टॉवेल मागतात ते काय उगाच? तिथे फार तर बॉल हातातून सुटतो. इथे दोन मीटर उंचीचा, शंभर किलोचा माणूस पूर्ण वेगात वळतो. त्याचा गुडघा फिरला तर त्याच्या क्लबचा अख्खा हंगाम जातो. असे संघ आल्या दिवशी आधी कोर्ट बघतात, मग हॉटेल. कोर्ट पसंत पडलं नाही तर ते खेळणार नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मी तरी म्हणणार नाही.

बॉलचंही तेच. सामन्याचा कंपोझिट बॉल हॉलसाठी असतो. सिमेंटवर त्याचे दाणे थोड्याच दिवसांत घासून जातात, मग दवात तो साबणासारखा निसटतो. (तुझ्या हातून तो कोरड्या मे महिन्यातही निसटायचा, ते प्रकरण वेगळं.)

आणखी सांगतो. मैदानावरचे बास्केटचे पोल पूर्व-पश्चिम आहेत. सव्वाचारच्या सामन्यात एका संघाच्या डोळ्यांवर मावळतीचा सूर्य येणार, आणि शॉट क्लॉकचे (बास्केटवर बॉल मारायला उरलेली सेकंदं दाखवणाऱ्या घड्याळाचे) आकडे उन्हात दिसणार नाहीत. पोल एंडलाइनपासून जेमतेम एक मीटरवर आहेत, नियमाला दोन मीटर मोकळे लागतात. बोर्ड एंडलाइनच्या आत १.२० मीटर यायला हवा, आपला तेवढाही येत नाही. रिंग जुनी, बोर्डाला घट्ट बोल्ट केलेली. डंक होणाऱ्या, म्हणजे उडी मारून बॉल हातानेच रिंगमध्ये कोंबला जाणाऱ्या, सामन्यांना स्प्रिंगची रिंग लागते. ८२ ते १०५ किलोच्या दरम्यान भार आला की ती झुकते आणि सोडल्यावर जागेवर येते. साध्या रिंगवर कोणी लटकला तर सगळा झटका बोल्टवर आणि काचेवर. रेषांचं तर विचारूच नको. २०१० मध्ये थ्री-पॉइंट लाइन ६.२५ वरून ६.७५ मीटरवर गेली आणि पेंटचा आकार समलंबाचा आयत झाला. आपल्या कोर्टावर नव्या रंगाखालून जुना समलंब अजून डोकावतो. मला तो बघून बरं वाटतं, तुलाही वाटेल. पण रेफरीला दोन-दोन रेषा कशा चालतील?

हॉलमध्येही कटकटी आहेत, नाही म्हणत नाही. लाकडी फळ्यांचे पॅनेल भाड्याने आणायचे तर ते चार-पाच दिवस आधी येऊन हॉलमध्येच पडून राहायला हवेत. आपल्याकडची कोरडी हवा लाकूड आक्रसवते. आल्या आल्या जोडले तर नंतर सांधे उघडतात आणि बॉल तिथे मरतो. खाली प्लास्टिकचा कागद हवाच, नाहीतर सिमेंटची ओल वर चढते. धूळ रोज येणार. दोन्ही बास्केटखाली दोन-दोन पोरं कोरडा मॉप घेऊन बसवायची, आणि ओलं फडकं कोणाच्या हातात दिसता कामा नये, त्याचा थर बसून फरशी आणखी घसरते. जुने मेटल हॅलाइड दिवे एकदा लुकलुकले की परत पेटायला दहा-पंधरा मिनिटं घेतात, म्हणून एलईडी. शॉट क्लॉकला यूपीएस. पण या सगळ्याला उपाय आहे. दवाला नाही.

राहिली गर्दी, म्हणजे छताखाली ती जमणार नाही ही शंका. २०२३ च्या जानेवारीत फिलिपिन्सच्या पीबीए या व्यावसायिक लीगमध्ये हाँगकाँगचा पाहुणा संघ, बे एरिया ड्रॅगन्स, फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला. तो सामना बघायला ५४,५८९ लोक आले होते, आणि ते छताखालीच बसले होते. तैवानची विल्यम जोन्स कप ही निमंत्रित स्पर्धा १९७७ पासून चालू आहे. तीही हॉलमध्येच होते.

आता तुझा दुसरा मुद्दा. पाहुण्यांना करंडक नको, फक्त प्रदर्शनी सामने द्या, हा हट्ट तू धरणार हे मला माहीत आहे. नको धरू. १९८० मध्ये त्याच पीबीएच्या निमंत्रित स्पर्धेत अमेरिकेहून आलेला निकोलस स्टूडली संघ करंडक घेऊन गेला. लीग काही बुडाली नाही. आपल्या संघांना सवलत द्यायची तर नियमात द्यावी: ड्रॅगन्सकडे दोन तगडे परदेशी खेळाडू होते, पण एका सामन्यात एकालाच उतरवता येई. तसं काही आपण करू. पण जिंकलेला करंडक काढून घ्यायचा असेल तर त्यांना बोलवायचंच कशाला?

वेळापत्रक मी असं मांडलं आहे: चार-चारचे दोन गट, बारा सामने तीन दिवसांत, एक दिवस आराम, मग दोन सेमीफायनल, शेवटच्या दिवशी तिसऱ्या क्रमांकाचा सामना आणि फायनल. सहा दिवस. कोणीही एका दिवसात दोनदा खेळणार नाही. मैदानावर दवाच्या आत दिवसाला जेमतेम दोन सामने बसतील आणि हेच सगळं नऊ दिवसांवर जाईल. एकेका संघाची वीस माणसं, बारा खेळाडू आणि आठ बाकीचे, नऊ दिवस कोण पोसणार? हॉटेलात पलंगांच्या पायथ्याशी बाकडी लावायची हेही सांगून ठेवलं आहे, त्यांचे पाय बाहेर येणार. बाळ्या पहिल्याच रात्री सगळ्यांना सावजी खाऊ घालायला निघाला होता. म्हटलं, फायनलनंतर खुशाल घाल.

तुमचं नवं घर लागलं का? सईची बारावी यंदा ना? वहिनींना नमस्कार सांग, चकली फार छान होती. पुढच्या पत्रात सविस्तर विचारतो.

बैठक शनिवारी संध्याकाळी आहे. नंदूभाऊ माझं ऐकून घेतात पण मानत नाहीत. तुझं मानतात, आणि वाक्य तुझंच आहे, तेव्हा ते तूच मागे घे. शुक्रवारी रात्री त्यांना फोन कर आणि सांग, साडेनऊला मैदानावर जा, फ्री थ्रो लाइनवर तळवा टेकवा. नोव्हेंबरातच कळेल. मी टॉर्च घेऊन तिथे थांबतो.

तुझा,
विन्या