काका, आपल्या प्रश्नाचे उत्तर

एडिनबरा

तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार.

आपल्या फायब्रोस्कॅनचा, म्हणजे यकृत किती ताठर झाले आहे हे मोजणाऱ्या तपासणीचा, अहवाल पाहिला. ९.२ किलोपास्कल हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण तो सिरॉसिसचाही, म्हणजे यकृत वणांनी भरून गेल्याचाही, नाही. यकृतात वण ज्या प्रथिनाच्या संदेशामुळे पडतात, ते प्रथिनच बंद करणारी गोळी का देत नाहीत, असे आपण विचारले आहे. जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाने विचारावा असाच हा प्रश्न आहे.

निरोगी यकृतातल्या तारकापेशी अ जीवनसत्त्व साठवून स्वस्थ असतात. चरबीने बेजार झालेल्या यकृतपेशी मरू लागल्या, की टीजीएफ-बीटा या प्रथिनाचा संदेश मिळून त्याच तारकापेशी कोलॅजेन हे वणाचे तंतुमय प्रथिन तयार करू लागतात आणि वण वाढत जातो. मात्र हेच प्रथिन शरीरात इतरत्र प्रतिकारशक्तीला आवर घालत असल्यामुळे ते सरसकट बंद करणे धोक्याचे ठरते. म्हणून संशोधकांनी एएसके-१ या दुसऱ्या प्रथिनाकडे मोर्चा वळवला. पेशीवर ताण आला की ते जागे होते आणि दाह व पेशीमृत्यू यांचे आदेश पुढे धाडते.

त्याला रोखणाऱ्या सेलोन्सर्टिब या औषधाच्या ७२ रुग्णांवरील पहिल्या चाचणीत, मोठी मात्रा घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के जणांचे वण २४ आठवड्यांत कमी झाले. तुलनेच्या गटात हे प्रमाण २० टक्के होते. पण तो गट अवघ्या दहा जणांचा होता, म्हणजे २० टक्के याचा अर्थ दोन माणसे! शिवाय वण मोजण्यासाठी सुईने यकृताचा तुकडा काढतात (बायोप्सी), आणि त्या सुईत यकृताचा साधारण पन्नास हजारावा भागच येतो. पुढे शेकडो रुग्णांवर ४८ आठवड्यांची चाचणी झाली आणि २०१९ साली तिचा निकाल आला: मोठ्या मात्रेने ९.३ टक्के रुग्ण सुधारले, तर औषध नसलेल्या गोळीने १३.२ टक्के. मला वाटते, पेशीत संदेशाच्या वाटा अनेक असल्याने एक अडवल्यावर काम दुसरीने चालू राहिले असावे.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले रेस्मेटिरोम वणाच्या मागे न लागता यकृतातल्या थायरॉइड ग्राहीमार्फत (थायरॉइड संप्रेरकाचा संदेश घेणाऱ्या प्रथिनामार्फत) मुळातली चरबीच घटवते. तरीही वर्षभरात सुमारे चौथा हिस्सा रुग्णांचेच वण सुधारले, आणि औषधाविना १४ टक्क्यांचे. याउलट, क्यूबातील एका अभ्यासात वर्षभरात दहा टक्के वा अधिक वजन उतरवलेल्यांपैकी ४५ टक्के जणांचे वण कमी झाले होते. आपले वजन ८४ किलो आहे, म्हणजे साडेआठ किलो उतरवायचे आहेत. हे गोळीपेक्षा कठीण आहे, हे मी जाणतो.

पुढच्या भेटीत हे पत्र डॉक्टरांना अवश्य दाखवावे, आणि यकृतासाठी म्हणून आणलेल्या त्या बिननावाच्या पुड्या, त्यांत काय आहे हे कळेपर्यंत, घेऊ नयेत.

सौ. काकूंना नमस्कार.

आपला,
सुहास