भैरवी भरल्या सभागृहात व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की सोलापुरात शास्त्रीय गाण्याच्या मैफलींच्या पत्रिका येऊ लागतात. पत्रिकेवर सायंकाळी सहा छापलेले असते, पहिला सूर लागतो सव्वासातला. भैरवीची, म्हणजे मैफलीची सांगता करणाऱ्या रागाची, वेळ येते तेव्हा तिसरी रांग रिकामी होत आलेली असते. उठणाऱ्यांमध्ये बाहेरगावचे पाहुणे सर्वांत पुढे असतात, कारण त्यांना गाडी गाठायची असते. हा सव्वा तासाचा उशीर टाळता येतो. तो कुठे होतो आणि त्यामुळे काय बुडते, हे आयोजक आणि श्रोते दोघांनीही समजून घ्यावे म्हणून हे पत्र.

मुंबई-कल्याणकडच्या मित्राला गाण्यासाठी सोलापूरला बोलवायचे, तर सिद्धेश्वर एक्स्प्रेससारखी सोय नाही. रात्रभराचा प्रवास करून ती सकाळी इथे पोहोचते आणि रात्री साडेदहाच्या सुमारास परत निघते. (नेमकी वेळ तिकीट काढताना पाहून घ्यावी.) म्हणजे मुक्कामाचा खर्च न करता अख्खा दिवस हाती येतो. हॉलपासून स्टेशन रिक्षाने दहा-पंधरा मिनिटे धरा, मैफल सुटल्यावरच्या गर्दीत रिक्षा मिळायला आणखी दहा. मैफल साडेनऊला संपली तर पाहुणा निवांत गाडीत बसतो. दहाला संपली तर जीव मुठीत धरून. त्या पुढे गेली तर भैरवी सोडूनच उठावे लागते.

दिवस आखताना घाई नको. सकाळी अंघोळ-चहा उरकून आठपर्यंत सिद्धेश्वर मंदिरात पोहोचावे. तलावावर ऊन तिरपे असते आणि मंदिरात गर्दी कमी असते. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती स्थापन केलेली 68 लिंगे एका दिवसात करण्याचा हट्ट धरू नये, ती वेगळी यात्रा आहे. तिथून भुईकोट किल्ला लागूनच आहे. पूर्वेला तलाव, बाकी बाजूंना खंदक आणि दुहेरी तटबंदी, ही रचना तटावरून चालल्याशिवाय कळत नाही. डिसेंबरातही अकरानंतर तटावर ऊन टोचते आणि वर सावली नाही, म्हणून किल्ला साडेदहाच्या आत संपवावा. पाणी बरोबर हवेच. संक्रांतीच्या आसपास गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे आणि होम मैदानावरच्या गर्दीमुळे या भागातले रस्ते वळवलेले असतात. त्या दिवसांत पाहुण्याला यात्रेसाठी जरूर बोलवावे, पण त्याच संध्याकाळची मैफल त्यात कोंबू नये.

पुढे चार हुतात्म्यांचे पुतळे. 1930 च्या मे महिन्यात या शहरावर मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिले. आपण ज्या हुतात्मा स्मृतिमंदिरात गाणी-नाटके पाहतो, त्याच्या नावामागे हे चौघे आहेत. संध्याकाळी मैफल तिथे असेल तर सकाळी पाहुण्याला हे सांगितलेले बरे. भैय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारकही वाटेत होते. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक, 9 डिसेंबर 1942 रोजी तिकडेच वारले. स्मारक उघडे असण्याची वेळ आधी विचारून निघावे.

दुपारी जेवणात कडक भाकरी असू द्या. पाहुणे ती पापडासारखी कोरडी खातात आणि दोन घासांत कंटाळतात. तिचा चुरा करून गरम शेंगा-भाजीत किंवा आमटीत दोन मिनिटे मुरू द्यावा. शेंगा-चटणी घेताना चिमूटभर बोटांत दाबून पाहावी. उखळात कुटलेल्या चटणीला तेल सुटलेले असते आणि गोळी धरते, मिक्सरमधली कोरडी भुरभुरते. हुरड्याचे दिवस असतील आणि ओळखीचे शेत जवळ असेल तर जेवणाऐवजी गुळभेंडी ज्वारीचा हुरडा करावा, मात्र मग किल्ला किंवा बाजार यांतले एक सोडावे लागेल.

चादर घ्यायची तर दुपारीच. खऱ्या सोलापुरी जेकार्ड चादरीची नक्षी दोन्ही अंगांना दिसते, रंग मात्र उलटे असतात. सुताविषयी शंका आली तर कडेचा सुटा दोरा मागून घ्यावा आणि बाहेर येऊन जाळून पाहावा. सुती दोरा कागद जळाल्यासारखा वास देऊन राख होतो. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो.

तीन ते साडेचार मात्र झोप. हे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे काम. रात्रभर गाडीत बसलेला आणि दिवसभर हिंडलेला माणूस विलंबित (संथ लयीच्या) ख्यालात हमखास पेंगतो, मग गाणे रटाळ होते असे म्हणतो. पाचला हलके खाऊन घ्यावे. रात्रीच्या जेवणासाठी कडक भाकरी, चटणी आणि थोडा गूळ बांधून द्यावा. गाडीत दुसरे काही शोधायला नको आणि मैफल संपल्यावर हॉटेलात अर्धा तास जायला नको.

आता हॉलकडे येऊ. वेळ का पाळायची, याचे पहिले उत्तर रागांत आहे. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मारवा, पूरिया, श्री, पूरिया धनाश्री या संधिप्रकाशातल्या रागांची वेळ नेमकी तीच. सहाला गाणे सुरू झाले तरच गायकाला ते निवडता येतात. सव्वासातला बसलेला गायक सरळ यमनावर येतो, पुढच्या सत्राला वेळ कमी पडतो म्हणून बागेश्री किंवा मालकंस आवरता घेतो, आणि श्रोत्यांना वर्षानुवर्षे तेच चार राग ऐकायला मिळतात. वेळेचे बंधन पाळणारे घराणेदार गायक ठरलेल्या घटकेबाहेर मारवा गाणार नाहीत, आणि त्यांनी गाऊ नयेच.

उशीर नक्की कुठे होतो? प्रेक्षक आले नाहीत हे कारण नेहमी दिले जाते. प्रेक्षक उशिरा येतात, कारण कार्यक्रम उशिरा सुरू होतो हे त्यांना पाठ झालेले आहे. त्या सव्वा तासात पडद्यामागे काय चाललेले असते ते पाहिले, तर बहुतेक वेळा वाद्ये जुळत असतात आणि माईक शिटी मारत असतो.

वाद्ये ऐनवेळी रंगमंचावर आणणे ही पहिली चूक. ग्रीनरूममध्ये जुळवलेला तंबोरा दिव्यांखाली आला की तारा तापून सैल पडतात आणि सूर उतरतो. तबल्याच्या पुडीचे उलटे होते. कोरड्या, गरम हवेत चामडे ताणले जाते आणि तबला चढतो. सोलापूरची हिवाळी हवा फार कोरडी, त्यामुळे हा फरक इथे जास्त जाणवतो. म्हणून दिवे पूर्ण लावून वाद्ये निदान पाऊण तास आधी बैठकीवर ठेवावीत आणि मगच जुळवावीत. ए.सी. किंवा पंख्याचा झोत थेट त्यांच्यावर नको. तंबोऱ्याची खुंटी घसरत असेल तर ती काढून खडू घासावा. जोरात पिळून फायदा नाही, तार तुटते. आधी खुंट्यांनी, मग तारेतल्या मण्यांनी सूर मिळवावा आणि शेवटी घोडीवरचा (तारा टेकतात त्या पट्टीवरचा) दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, उघडावी. चार तारांना सवयीच्या हाताला दहा मिनिटे पुरतात, पण सभागृहात गोंगाट असेल तर वीसही पुरत नाहीत. म्हणून हे काम दारे उघडण्यापूर्वी संपायला हवे.

एकाच संध्याकाळी गायक आणि गायिका असे दोघे असतील तर तबलेही दोन लागतात. पुरुषांचा षड्ज (मूळ ‘सा’) पेटीवर साधारण काळी एक ते काळी दोन, स्त्रियांचा काळी चार ते काळी पाच. एकच तबला त्याचे गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून इतका वर-खाली करायचा म्हणजे मध्यंतरात पंधरा मिनिटे गेलीच. शिवाय नवा ताण बसेपर्यंत तो पुन्हा पुन्हा उतरतो आणि विलंबिताच्या मधोमध हातोडी काढावी लागते. आयोजकांनी कलाकार ठरवतानाच प्रत्येकाची पट्टी (षड्जाची जागा) विचारून तबलजीला कळवावी. एका फोनचे काम आहे.

माईकचे गणित सोपे आहे: गळ्याला एक, पेटीला एक, तबला-डग्ग्याला दोन, तंबोऱ्यांना एक किंवा दोन. गळ्याचा माईक वीतभर अंतरावर असावा. पेटीचा माईक भात्याच्या तोंडाशी ठेवला तर वाऱ्याचा फुसफुसाट येतो, तो पट्ट्यांच्या वरून तिरका धरावा. शिटी येते ती मॉनिटरमधला (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरमधला) आवाज माईकमध्ये शिरून पुन्हा मॉनिटरमधून बाहेर पडतो म्हणून. गाण्याचे बहुतेक माईक समोरचा आवाज घेतात आणि शेपटीकडचा, म्हणजे मागच्या टोकाकडचा, फार कमी. म्हणून मॉनिटर गायकाच्या समोर, माईकच्या शेपटीच्या रेषेत ठेवावा. तो बाजूला सरकवला, किंवा गायकाने ‘मॉनिटर वाढवा’ म्हटल्यावर आवाज सरसकट वाढवला, की शिटी ठरलेली. सतत घुमणारी ‘हूं’ ऐकू आली तर माईकची वायर दिव्यांच्या वायरीला समांतर गेली आहे का ते आधी पाहावे. समांतर नेऊ नये, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी. साउंड मिक्सर आणि स्टेजवरची उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणच्या सॉकेटवर असली तरी असा आवाज येतो.

रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, माणसे बसली की त्यांच्या अंगावरचे कपडे तो शोषून घेतात. त्यामुळे दुपारी लावलेला आवाज रात्री कमी वाटतो आणि साउंडवाले डग्गा वाढवत सुटतात. उलटे करावे. आधी तंबोरा शेवटच्या रांगेत ऐकू येईल इतका ठेवावा, त्यावर गळा, मग पेटी आणि शेवटी तबला. डग्गा सर्वांत कमी. शास्त्रीय गाण्यात तंबोरा बुडला की सगळेच बुडते, आणि आपल्याकडे तोच पहिला बुडतो.

मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमात आणखी एक अडचण येते. ध्वनी सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. मागच्या लोकांसाठी 30 मीटरवर स्पीकर लावला तर त्यातला आवाज आधी येतो आणि स्टेजजवळचा मागून, तबल्याचा प्रत्येक बोल दोनदा ऐकू येतो. मागच्या स्पीकरला सुमारे 87 मिलिसेकंदांचा विलंब दिला की दोन्ही जुळतात. मिक्सरवर ही सोय असते, फक्त अंतर पावलांनी तरी मोजलेले हवे. शिवाय उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, राज्य सरकारने सूट दिलेले वर्षातले मोजके दिवस सोडून. बंद सभागृहाला हा नियम तसा लागू नाही. मैदानावर सव्वा तास उशीर म्हणजे भैरवी गेलीच.

सत्कार आणि भाषणे यांबद्दल थोडक्यात. दीपप्रज्वलनाला पाच मिनिटे पुरतात. सत्कार मध्यंतरानंतर पहिल्या घंटेला ठेवावेत. तेव्हा लोक तसेही चहावरून परतत असतात आणि कलाकाराचा लागलेला सूर मोडत नाही. सहाला सुरुवात, पहिले सत्र सव्वासातपर्यंत, पंधरा मिनिटे मध्यंतर, दहा मिनिटे सत्कार, मग रात्रीचा राग पाऊण-एक तास, उपशास्त्रीय किंवा अभंग अर्धा तास आणि भैरवी. एवढे सगळे सव्वानऊ-साडेनऊला आरामात बसते. उत्तरार्धात अभंगाबरोबर सिद्धरामेश्वरांचे एखादे कन्नड वचन (भक्तिपर रचना) गाण्याची विनंती कलाकाराला जरूर करावी. ख्यालगायक मल्लिकार्जुन मन्सूरांनी वचने मैफलीत मानाने गायिली होती. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत बोलणाऱ्या या गावात त्याला दाद मिळेल.

श्रोत्यांनीही आपल्या बाजूने पावणेसहाला खुर्चीत असावे. उशीर झालाच तर ख्याल चालू असताना रांग ओलांडू नये, बंदिश संपेपर्यंत मागे उभे राहावे. परतीची रिक्षा मध्यंतरातच ठरवून ठेवावी.

या हंगामाच्या पत्रिका छापायला जाण्यापूर्वी आयोजकांना एकच विनंती: ‘सायंकाळी सहा वाजता’ एवढ्यावर थांबू नका. त्याखाली दोन ओळी छापा, ‘दारे सव्वापाचला उघडतील, गाणे बरोबर सहाला सुरू होईल’ आणि ‘भैरवी नऊ वाजता’.

आपला,
एक नियमित श्रोता,
जुळे सोलापूर