बाबा, माझं औषध इतक्यात तुम्हाला देता येणार नाही

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "मग तू प्रयोगशाळेत शोधतेयस तेच औषध टोच की माझ्या गुडघ्यात." मी विषय बदलला, आणि तेव्हापासून चैन नाही. आधीच सांगून टाकते: काल मी डॉक्टरांना होकार कळवला. गुडघ्यात बसवलेला कृत्रिम सांधा काढायचा. दादालाही पटलंय. सही तुमचीच लागेल बाबा, पण तुम्हाला न विचारता बोलले. रागवा, पण पुढचं वाचा.

रविवारी टाकी धुताना तुम्ही मला आत उतरवायचात. मी नुसतं पाणी मारायचे आणि तुम्ही वरून म्हणायचात, "भिंतीला बोट लावून बघ." बोटाला बुळबुळ लागायची. गुडघ्यात तेच झालंय. जंतू धातूला चिकटले आणि त्यांनी स्वतःभोवती थर बांधला. त्याला बायोफिल्म म्हणतात. गोळ्यांनी सुटे जंतू मरतात, थरात निपचित पडलेले वाचतात. कधीकधी हजारपट औषधालाही ते दाद देत नाहीत. म्हणून ताप उतरतो, गोळ्या संपतात आणि पुन्हा सूज. आई, तुझ्या शुश्रूषेत काही कमी पडलं नाही. हे मनातून काढून टाक.

आता माझ्या पेप्टाइडचं. प्रथिनाचाच हा छोटा तुकडा. आपलं शरीरही असे तुकडे बनवतं. एलएल-३७ नावाच्या एकात ३७ अमिनो आम्लं असतात. अशा तुकड्यांवर धन भार, जंतूच्या आवरणावर ऋण, त्यामुळे ते तिथे ओढले जातात आणि आवरणच फोडतात. निजलेला जंतूही त्यातून सुटेलच असं नाही, म्हणून मी यात इतकी वर्षं घातली. १९८७ मध्ये मायकेल झासलॉफ या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या कातडीतून असंच एक शोधलं. शस्त्रक्रिया केलेले बेडूक गढूळ पाण्यात सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत नव्हत्या, यावरून त्यांना शंका आली होती. त्यावरून बनवलेल्या मलमाला १९९९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत जंतू मारणं वेगळं, माणसात वेगळं. रक्तातली विकरं पेप्टाइड कापून टाकतात, क्षार त्याचा जोर कमी करतात, मात्रा वाढवली तर आपल्याच पेशी दुखावतात. माझं काम अजून टायटॅनियमच्या बारक्या चकत्यांवर चाललंय. माणसाला किती द्यायचं हेच मला माहीत नाही. जे परक्याला देणार नाही, ते तुम्हाला कसं देऊ, बाबा?

नुसतं धुऊन भागलं असतं तर मीच आग्रह धरला असता. पण थर जुना झालाय. सांधा काढतील, तिथे अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर, म्हणजे जागा धरून ठेवणारा तात्पुरता ठोकळा, बसवतील, साधारण सहा आठवडे शिरेतून औषध देतील, आणि जंतू गेल्याची खात्री झाली की नवा सांधा. लांबलचक आहे, पण रस्ता मळलेला आहे.

त्या सहा आठवड्यांची सगळी सोय मी केली आहे. रजा घेतली आहे. पलंग खालच्या खोलीत, खिडकीशी, म्हणजे पेपर वाचायला उजेड राहील. वॉकर आणि उंच कमोड आधीच आणून ठेवू. रेडिओ उशाशी. आई, रात्री मी उठेन, तू झोपायचंस. गोवर आला होता तेव्हा बाबा रात्रभर माझ्या कपाळावर हात ठेवून बसले होते. डोळे उघडले की हात तिथेच. आता माझी पाळी.

आणि काही गोष्टी ऐकायच्याच. कपाटातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. त्यांनी गुडघ्यातल्या पाण्याच्या तपासणीत जंतू दिसेनासा होतो आणि योग्य औषध ठरवता येत नाही. आई, ते पाकीट आजच दादाच्या हातात दे. शिरेतली नळीही परकी वस्तूच, तिच्यावरही थर धरतो. तिला हात लावण्याआधी नर्सने हात धुतले का, हे बाबा, तुम्ही तोंडाने विचारायचं. भीड धरायची नाही. पट्टी ओली झाली तर लगेच सांगायचं. थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, माईच्या वेळी बघितली तशी.

मी शनिवारी पोचते. टाकी दादा धुईल. तुम्ही शिडीला हात लावायचा नाही.

तुमची,
छकुली