जुन्या लॉनचे पुनरुज्जीवन करण्याऐवजी असलेली हरळी मारून टाकल्याबाबत तक्रार

दिनांक : 15 सप्टेंबर 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सीबीडी बेलापूर येथील घराच्या अंगणातील लॉनचे सदोष काम आणि रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

आर्टिस्ट व्हिलेजमधील माझ्या घराच्या अंगणातील लॉनचे काम आपल्या कंपनीने मे महिन्यात केले. कोटेशनमध्ये कामाचे नाव ‘जुन्या लॉनचे पुनरुज्जीवन’ असे लिहिले आहे आणि त्यापोटी 24,500 रुपये मी पूर्ण भरले आहेत. आज त्या अंगणात जुने लॉनही नाही आणि नवेही नाही. फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप करून काही निष्पन्न झाले नाही, म्हणून लेखी कळवत आहे.

एप्रिलमध्ये आपले सुपरवायझर पाहणीला आले, तेव्हाच मी त्यांना सांगितले होते की मला नवे गवत नको. ही हरळी, म्हणजे दूर्वांचे गवत, माझ्या आईने लावलेली. तिच्या आजारपणात अंगणाकडे बघायला घरात कुणाला उसंत नव्हती. पुढे कंपाउंडची भिंत दुरुस्त झाली, तेव्हाचे विटांचे तुकडे आणि सिमेंट तिथेच जमिनीत दबले. ठिकठिकाणी जमीन उघडी पडली, लव्हाळ्याचे तण माजले. पण हरळी मेली नव्हती. उन्हाळ्यात ती वाळलेली दिसते, तरी जमिनीखालच्या कांड्या जिवंत असतात आणि पाणी मिळाले की फुटतात. तिला मोकळी जमीन करून द्या, एवढेच माझे मागणे होते. सुपरवायझरनी ते वहीत लिहून घेतले आणि कोटेशनही तसेच आले : नऊ इंच खोदाई, राडारोडा काढणे, लाल माती, वाळू व शेणखत मिसळणे, लेव्हलिंग, मोकळ्या जागी हरळीची लावण.

प्रत्यक्षात पहिल्या दिवशी एक मुलगा पाठीवर पंप घेऊन आला आणि त्याने सरसकट सगळ्या अंगणावर फवारणी केली. वास आला म्हणून मी बाहेर आले. ‘कसले औषध आहे?’ विचारले तर ‘तणाचे आहे, ताई’ म्हणाला. डब्यावर ग्लायफोसेट लिहिलेले होते. त्याच्या हातात मोजे नव्हते, तोंडाला रुमालसुद्धा नव्हता. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याला पाठवणाऱ्यांना देते.

ग्लायफोसेट तण आणि लॉन यांत फरक करत नाही. ज्या हिरव्या पानावर पडेल, त्या झाडाच्या मुळापर्यंत जाते. ते वाचवायच्या गवतावर कसे काय मारले? हरळीच्या लॉनमधला लव्हाळा काढायला हॅलोसल्फ्युरॉनसारखे निवडक तणनाशक मिळते. नाहीतर खुरपे घेऊन जमिनीतल्या गाठींसकट काढता येतो. अडीचशे चौरस फुटांची तर जागा. शिवाय आपण वापरलेल्या औषधाने लव्हाळा गेला असता तरी एक वेळ समजले असते. हे औषध पानांतून खाली उतरायला वेळ लागतो आणि लव्हाळ्याच्या ज्या गाठी फुटलेल्याच नसतात, त्यांच्यापर्यंत ते पोचतच नाही. आपली माणसे मात्र तिसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन हजर. औषधाचा फवारा उडून कडेच्या मोगऱ्याची नवी पाने पिवळी, बारीक झाली, ते वेगळेच.

खोदाई झाली नाही. कुदळ गाडीतून उतरलीच नाही. दबलेल्या राडारोड्यावर दोन इंच लाल माती पसरली, रोलर फिरवला आणि वर प्लॅस्टिकच्या जाळीवर वाढवलेल्या मेक्सिकन गवताच्या तयार लाद्या अंथरल्या. मी हटकले तेव्हा ‘मॅडम, हेच चांगले दिसते’ असे उत्तर मिळाले. दिसायला दिसले खरे, पाऊस येईपर्यंत.

यंदा मुंबईत मान्सून 26 मे रोजी आला. एरवीची तारीख 11 जून. आपले म्हणणे असे की पाऊस लवकर आला, त्याला कंपनी काय करणार. पण गवत लावायला पावसाळ्याच्या तोंडाइतका चांगला काळ नाही, हे कोणताही माळी सांगेल. पावसाने लॉन बिघडत नाही, निचरा नसल्याने बिघडते. जुलैमध्ये मी एका लादीची कड धरून उचलली, तर ती सतरंजीसारखी अख्खी हातात आली. दोन महिन्यांत एक मूळ खालच्या जमिनीत शिरलेले नव्हते. मुळे प्लॅस्टिकच्या जाळीला चिकटून काळी पडली होती, आंबूस वास येत होता. खाली पाणी साचलेले आणि त्यात आमच्या भिंतीचे तेच विटांचे तुकडे, जे काढायचे पैसे आपण घेतलेत. आणि जाळी भेदून लव्हाळ्याचे कोंब सुईसारखे ताठ वर आलेले.

या तक्रारीवर आपल्या ऑफिसमधून उत्तर आले की युरिया टाका. ज्या गवताला मुळेच उरली नाहीत, ते युरिया घेणार कशाने?

त्यानंतर सांगण्यात आले की आमची जमीनच लॉनला योग्य नाही. हे मला सर्वांत जास्त लागले. नळाजवळचा एक पट्टा आपल्या पंपातून सुटला होता. तिथे मी वस्तीतल्या एका माळीदादांना घेऊन काम केले. आधी तुकडे वेचून काढले, लव्हाळा गाठींसकट उपसला. पहारीने वीतभर अंतरावर भोके पाडून त्यांत जाडी वाळू आणि चाळलेले शेणखत भरले आणि हरळीच्या कांड्या चार-चार बोटांवर खोचल्या. तो पट्टा आज हिरवागार आहे. जमीन तीच, पाऊस तोच. यावे आणि पाहावे.

आंब्याखालच्या भागातही दोष जमिनीचा नाही, निवडलेल्या गवताचा आहे. तिथे सकाळचे दोन-अडीच तास ऊन येते. मेक्सिकन गवताला भरपूर ऊन लागते, सावलीत ते विरळ होत जाते. सावलीसाठी नर्सरीत रुंद पानांचे बफेलो गवत मिळते. पाहणीच्या वेळी कुणी मान वर करून आंबा पाहिला असता तरी हे सुचले असते.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात ही वसाहत आखताना प्रत्येक घराला स्वतःचे मोकळे अंगण दिले. आम्ही ते फरशी घालून बुजवले नाही, माती राखली. दरवर्षी गणपतीच्या दूर्वा याच हरळीतून निघायच्या. आई पहाटे बसून कोवळी तीन पानांची टोके निवडायची आणि एकवीसची जुडी बांधायची. आजारी पडली तेव्हाही तिने खिडकीतून मला जागा दाखवून खुडायला लावल्या होत्या. यंदा 27 ऑगस्टला आम्ही दूर्वा बाजारातून आणल्या. औषध पडलेल्या अंगणातले काही देवाला वाहायला मन धजेना. याची भरपाई पैशांत होणार नाही आणि मी ती मागतही नाही.

मी मागते ते असे. लाल माती आणि तिची वाहतूक यांचे कोटेशनमध्ये 6,000 रुपये आहेत. माती आली, ती अंगणात आहे, तिचे पैसे मला परत नकोत. उरलेले 18,500 रुपये माझ्या खात्यात जमा करावेत. कुजलेल्या लाद्या आणि प्लॅस्टिकची जाळी आपल्या खर्चाने उचलून न्यावी. फवारलेले औषध किती पाण्यात किती घातले होते, ते कंपनीच्या लेटरहेडवर लिहून द्यावे. या अंगणात शेजारची मुले खेळतात, त्यांच्या आईवडिलांना मला सांगायचे आहे. ‘फ्रीमध्ये पुन्हा लाद्या लावून देऊ’ हा आपला प्रस्ताव मला मान्य नाही. पुढचे काम मी माळीदादांकडून करून घेणार आहे.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. पाच लाखांपर्यंत पैसे भरलेल्या सेवेबद्दलच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, याची मी माहिती घेतली आहे. लाद्या उचलायला माणसे पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करावा, आणि कृपा करून त्यांना हातमोजे देऊन पाठवावे.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत : कोटेशनची प्रत, पैसे भरल्याची पावती, लादीखालच्या जमिनीचे व नळाजवळच्या पट्ट्याचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅप संदेशांच्या प्रती