सूचना : पावसाळ्याआधी घर आणि शिवार बघून घ्या

सर्व सभासदांना नमस्कार. ‘आपल्याकडं काही होत नाही,’ असं आपण म्हणतो. किल्लारीही तेव्हाच्या नकाशात भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं झोपेतच गेली. म्हणून कळकळीची विनंती, गळतंय म्हणून माळवदावर आणखी माती चढवू नका, ओझं वाढतं. भिंतीला पोट आलं असेल तर तिच्या कडेला खाट टाकू नका, विशेषतः म्हाताऱ्या माणसांची.

विजेचं तर दरवर्षीचंच. गडगडाट सुरू झाला की झाडाखाली थांबू नका, जनावरंही तिथं बांधू नका. मोबाइलवर वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप घ्या. तातडीला ११२, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७. दोन्ही नंबर दाराआड खडूनं लिहून ठेवा.