घड्याळाचा घोळ आणि आपल्या बैठका

महोदय,

लंडन ऑलिम्पिकच्या तयारीतील समित्या, बैठका आणि सारवासारव यांची माहितीपटाच्या थाटात खिल्ली उडवणारी बीबीसीची ‘ट्वेंटी ट्वेल्व्ह’ ही मालिका २०११-१२ मध्ये अवघ्या १३ भागांत आटोपली. पहिल्याच भागात उलटगणतीच्या घड्याळाचा घोळ होता. आणि गंमत अशी की, त्याच सुमारास लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातील उलटगणतीचे खरेखुरे घड्याळ अनावरणानंतर चोवीस तासांच्या आत बंद पडले. मालिकेतील अभिनेते डेव्हिड टेनंट यांचे निर्विकार निवेदन ऐकताना विनोद कुठे सुरू झाला हेच कळत नाही. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या बैठकीत ‘तत्त्वतः’ या एका शब्दावर पाऊण तास वाद झाला, तेव्हा कॅमेऱ्याची फार उणीव भासली. मराठी वाहिन्यांनी पार्श्वहास्याशिवाय अशी एखादी छोटी मालिका अवश्य करावी.

— एक वाचक, दादर, मुंबई